तो मान आणि ती मान

कऱ्हाडचा पूल यायच्या आत माझ्या गाडीत एका गायकाला विकाऊ, दुसऱ्याला अडाणी आणि तिसऱ्याला कुत्रा म्हणून झालं होतं. पैकी कुत्रा ही शिवी नव्हती, ते साधं वर्णन होतं. त्याबद्दल पुढे येईलच.

झालं असं, की भाचीचं लग्न कोल्हापुरात. बायको आठवडाभर आधीच ताईच्या मदतीला, म्हणजे ताईला सूचना करायला, जाऊन बसली होती. माझ्याकडे कामगिरी एवढीच, की नवरीच्या धाकट्या भावाला पुण्याहून वेळेवर पोचवायचं. त्याला हिंजवडीत नोकरी लागून जेमतेम तीन महिने झालेले, रजा मिळाली दोन दिवसांची. सोबत त्याचे दोन मित्र. ‘मामा, दोघंही एकदम शांत आहेत,’ असं त्याने फोनवर सांगितलं होतं. त्यातला शांत एकच निघाला. त्याच्या कानांवर करवंट्यांएवढे हेडफोन होते, मांडीवर लॅपटॉप होता आणि पहाटे साडेपाचला वाकडला गाडीत बसल्यापासून त्याने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्याला मी मनातल्या मनात मुका म्हणू लागलो.

भाचा मूळचा कोल्हापूरच्या पेठेतला. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचून मोठा झालेला. पण कोल्हापूरचा मुलगा पुण्यात आला की आधी त्याचा चहा बदलतो, मग भाषा, मग अभिरुची. आता तो केंड्रिक लमार हा अमेरिकी रॅपर ऐकतो. कसा ऐकतो, तर आम्ही सवाई गंधर्वला ज्या चेहऱ्याने बसतो त्या चेहऱ्याने. भुवया एकमेकींजवळ आलेल्या, डोळे मिटलेले, मधूनच एक बोट वर, आणि ओळ संपली की ‘च्च’. हा ‘च्च’ फक्त किराणा घराण्यासाठी राखून ठेवलेला असतो अशी माझी समजूत होती.

‘मामा, हे नाचायचं नसतं, वाचायचं असतं,’ तो म्हणाला. मग त्याने पुलित्झरचं सांगितलं. २०१८ साली केंड्रिकच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तोवर ते अभिजात नाहीतर जॅझ संगीतालाच मिळत आलं होतं. हे सांगताना भाच्याचा आवाज असा झाला, की पारितोषिक समितीत ह्याचे आजोबा होते की काय असं वाटावं. आजोबांना मी ओळखतो. ते पंचगंगेच्या काठावर म्हशी बाळगून होते.

दुसरा मित्र पुणे स्टेशनच्या बाजूचा, ताडीवाला रोडच्या अलीकडच्या गल्लीतला. रॅपर एमसी स्टॅन त्या वस्तीतून आला, आणि आला म्हणजे थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकून बसला. आमच्या या पोराच्या दृष्टीने पुण्याच्या इतिहासात शनिवारवाडा आणि ती रात्र, एवढ्या दोनच घटना. गळ्यात साखळी, साखळीत लॉकेट, लॉकेटवर त्याच्या आईचं नाव. तो मला ‘काका’ म्हणत होता आणि प्रत्येक वाक्याआधी ‘सॉरी काका’ म्हणून मग बोलत होता. हा स्टॅनवाला.

‘स्टॅनचं अर्धं गाणं ऑटोट्यून गातं,’ भाचा म्हणाला. ‘सुराला कुबडी लावून चालणाऱ्याला काय आर्टिस्ट म्हणायचं?’

‘सॉरी काका, पण मग पेटी काय असते?’ स्टॅनवाला मागून मला म्हणाला. ‘गायकाच्या शेजारी बसून सूर धरून ठेवते तीच ना?’

मी गिअर बदलला. प्रश्न वर्मी लागला होता, कारण या पोराला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. नेमक्या अशाच कारणांनी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत चालली. परकी पेटी, तिला मींड येत नाही, श्रुती कळत नाहीत, गाणं बिघडवते. एकतीस वर्षं विद्वानांनी नाक मुरडलं आणि एकतीस वर्षं महाराष्ट्रात घरोघरी भजनाला पेटी वाजत राहिली. आज तीच पेटी सवाईच्या मंचावर उजळ माथ्याने बसते. हे मी सांगणार होतो, पण गाडी चालवणाऱ्याने पक्ष घेऊ नये. गाडी डावीकडे ओढते.

टोलनाक्यावर ताईचा फोन आला. ‘अरे, उखाणा राहिलाय! हिला एकही धड उखाणा येत नाही. ती पोरं कविताबिविता करतात ना? त्यांना सांग एक लिहून आणायला. नवीन पाहिजे. आणि नाव नीट बसलं पाहिजे.’

गाडीत तीन सेकंद शांतता पसरली. दोन कवी आणि एक काम. भाच्याने फोनमध्ये कोरं पान उघडलं, खिडकीबाहेर बघितलं आणि सुस्कारा सोडला. खऱ्या कलावंताची ही पहिली खूण. स्टॅनवाल्याने विचारलं, ‘जेवणात काय आहे, काका?’

खंबाटकी घाट लागला तेव्हा मला पहिला शोध लागला, आणि तो आरशात लागला.

गाडीच्या ब्लूटूथला भाच्याचा फोन जोडलेला होता, त्यामुळे नॅस चालू होता. १९९४ चा ‘इल्मॅटिक’. वीस वर्षांच्या पोराने केलेला अल्बम, ‘द सोर्स’ नावाच्या मासिकाने पाचपैकी पाच माईक दिले, वगैरे सगळं मला कात्रजच्या बोगद्यात सांगून झालं होतं. तर नॅस चालू असताना भाच्याच्या तोंडून मान मिळत होता. ‘काय लिहिलंय!’, ‘हे बघ, ओळीच्या आत यमक!’, ‘मामा, हे राकिमने सुरू केलं, तो सॅक्सोफोन वाजवायचा, म्हणून त्याचे शब्द असे वळतात.’ पण मानेवरचं डोकं मात्र स्थिर होतं. देवळातल्या मूर्तीसारखं.

घाटात वळणावर एकदा नेटवर्क गेलं. स्टॅनवाल्याने संधी साधून आपला फोन जोडला आणि ‘तडीपार’मधलं काहीतरी लावलं. भाच्याने तोंड वाकडं केलं. खिडकीकडे वळून बसला. ‘लिरिक्स ऐक, तिसरीतलं पोरगंसुद्धा लिहील.’ आणि हे बोलत असताना, मी आरशात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्याची मान हलत होती. लयीत, समेवर, बारीक पण पक्की. खाली पायही होता, पण तो मला दिसत नव्हता, फक्त सीटला जाणवत होता.

मराठीत ही मोठी सोय आहे. तो मान वेगळा आणि ती मान वेगळी. तो मान द्यावा लागतो, विचार करून, शब्द जुळवून, चारचौघांत. ती मान कुणाला विचारत नाही. त्या घाटापासून पुढे मी भांडण कानांनी ऐकलं आणि निकाल आरशात बघितला.

घाट उतरल्यावर माझ्याकडून एक चूक झाली. पोरांनी सहज विचारलं, ‘तुमच्या वेळी रॅप होतं का?’ आणि मी अभिमानाने म्हणालो, ‘होतं की! बाबा सेहगल! ठंडा ठंडा पानी! मला पाठ होतं!’

गाडीत इतकी शांतता झाली की इंडिकेटरचा आवाज ऐकू येऊ लागला. भाचा आणि स्टॅनवाला सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांकडे समजुतीने बघत होते. शेवटी भाच्याने हळू आवाजात, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं सांगितलं. १९९२ चं ते गाणं व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’वरून उचललेलं. १९९० सालचं ते गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलेलं पहिलं रॅप, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, रॅपवाले त्याचं नाव निघालं की आजही विषय बदलतात. त्यातली बेसची धूनसुद्धा त्याची नव्हती, क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या गाण्यातली. म्हणजे मी कॉलेजच्या गॅदरिंगला जे म्हणून टाळ्या घेतल्या, तो चोरीच्या मालातून चोरलेला माल होता. मला वाईट वाटायला हवं होतं. पण गाडीला वेग आला तसं डोक्यात तेच गाणं फिरू लागलं आणि माझी मान हलायला लागली. आरसा पोरांच्या बाजूने लावलेला असतो ही देवाची कृपा.

साताऱ्याच्या पुढे वड्याला थांबलो. मुका हेडफोन गळ्यात अडकवून वडा खात होता, नजर समोरच्या कढईवर. हे दोघे मात्र मुळाशी जाऊन भांडत होते. मुळाशी म्हणजे अक्षरशः, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, ११ ऑगस्ट १९७३ ला. कूल हर्क नावाच्या पोराने सेजविक अव्हेन्यूवरच्या आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये रेकॉर्डी वाजवल्या, तो हिप हॉपचा वाढदिवस मानतात. कार्यक्रम लावला होता त्याच्या बहिणीने, शाळा सुरू होताना नवीन कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना तिकीट पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. हर्कची करामत अशी, की गाण्यातल्या ज्या तुकड्यावर लोक उसळून नाचायचे तो तुकडा संपूच द्यायचा नाही. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी ठेवायच्या. एकीवर तुकडा संपला की दुसरीवर सुरू.

‘म्हणजे नाचायलाच होतं ना?’ स्टॅनवाला म्हणाला. ‘शब्द नंतर आले. आधी पाहुणे आले, मग भटजी.’

‘शब्द आले म्हणून ते आर्ट झालं,’ भाचा म्हणाला. ‘१९८२, द मेसेज. झोपडपट्टी, बेकारी, सगळं आहे त्यात.’

आता या ‘द मेसेज’ची गंमत अशी, की ज्या मंडळींच्या नावावर ते गाणं आहे त्यांनाच ते आधी नको होतं. नाचायला आलेल्या लोकांना घरची रडगाणी कोण ऐकवणार, असं त्यांचं म्हणणं. ते भाच्याने सांगितलं नाही. स्टॅनवाल्याला माहीत नव्हतं. आणि मला कुठून माहीत, तर प्रवासाच्या आदल्या रात्री मी दोन तास अभ्यास केला होता, म्हणजे पोरांत बोलायला तोंड राहील. बाबा सेहगलने तो सगळा पाण्यात घातला.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली होती. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ निघालं, हिप हॉपचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं. गाणारे तिघे न्यू जर्सीत जमवलेले. त्यातला एक पिझ्झाच्या दुकानात काम करता करता सापडला. त्याने आपल्या ओळखीच्या ब्राँक्सच्या एका रॅपरची वही घेतली आणि त्याच्या ओळी जशाच्या तशा म्हटल्या. इतक्या जशाच्या तशा, की मूळ रॅपरने ओळीत स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं गुंफली होती, तीही ह्याने म्हणून टाकली. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका नावासकट उतरवावी तसं. ब्राँक्सच्या जाणकारांनी तेव्हाच कपाळावर हात मारला: हे खरं रॅप नव्हे, बाजारू आहे. म्हणजे ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ ही तक्रार आणि पहिलं हिट गाणं एकाच वर्षी जन्माला आलं. ‘पूर्वी’ला अजून दात आले नव्हते.

कुत्र्याचं राहिलं. नागठाण्याच्या आसपास भाच्याने हुकमाचा पत्ता काढला. २०१४ मध्ये मॅट डॅनियल्स नावाच्या माणसाने रॅपरांचे शब्द मोजले होते. प्रत्येकाच्या पहिल्या पस्तीस हजार शब्दांत वेगवेगळे शब्द किती, हा हिशेब. यादीत सगळ्यात वर एसॉप रॉक, सात हजारांच्या वर. तुलनेला शेक्सपियर घेतला होता, तो पाच हजारांच्या थोडा पुढे. आणि तळाला डीएमएक्स, तीन हजार दोनशेच्या आसपास.

‘बघ,’ भाचा म्हणाला, ‘हे गणित आहे. ह्यात मत नाही.’

‘डीएमएक्स म्हणजे तोच ना, गाण्यात भुंकायचा?’

‘तोच.’

‘मग ते भुंकणं शब्दांत धरलंय का?’

भाचा गप्प झाला. हा प्रश्न पद्धतीशास्त्राचा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. स्टॅनवाल्याने फोनवर शोधून पुढचं वाचून दाखवलं. ह्या भुंकणाऱ्या माणसाने १९९८ या एका वर्षात दोन अल्बम काढले आणि दोन्ही अमेरिकेत आल्या आल्या पहिल्या नंबरावर गेले. ‘भावा, डिक्शनरी ऐकायची असेल तर डिक्शनरी लाव. ह्याने भू केलं आणि अख्खा देश उठला.’

मला एसॉप रॉकबद्दल उगाच सहानुभूती वाटली. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. ‘सदरहू’, ‘उपरोल्लिखित’ आणि ‘तद्नंतर’शिवाय त्यांचा रजेचा अर्जसुद्धा होत नसे. शब्दसंपत्ती अफाट. रजा मात्र शेजारचा शिपाई आधी मिळवायचा, ‘सायेब, पोरगी आजारी’ एवढ्या तीन शब्दांत.

पुढे जे-झीचा मुद्दा आला आणि तो मला सगळ्यात रंगतदार वाटला, कारण एकाच पुराव्यावर दोघांनी आपापला खटला जिंकला. जे-झीने २००३ च्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये उघड कबुली दिली आहे, की ऐकणाऱ्यांसाठी मी सोपं केलं आणि त्यामुळे माझे पैसे दुप्पट झाले. भाचा म्हणाला, ‘बघ, बाजार कसा बिघडवतो!’ स्टॅनवाला म्हणाला, ‘बघ, सोपं लिहायला किती डोकं लागतं! अवघड लिहिता येणाऱ्यालाच सोपं करावं लागतं. ज्याला सोपंच येतं त्याला कबुली कशाला द्यावी लागेल?’ हे शेवटचं वाक्य त्याने कुठून आणलं कोण जाणे, पण ऐकून भाच्यासकट सगळ्यांनी एकदा बाहेरच्या उसाकडे बघितलं.

भाच्याचं खरं दुखणं मला कऱ्हाडच्या पुलावर कळलं. दोन-तीन वर्षांपूर्वी तो ‘गली रॅप’चा भक्त होता. कुर्ल्याचा नेझी, अंधेरीचा डिव्हाइन, २०१५ चं ‘मेरे गली में’ हे सगळं त्याला तोंडपाठ. मग म्हणे सगळं संपलं. ‘गली बॉय’ आल्यावर का, मी विचारलं. चित्रपट तर २०१९ चा. ‘तेव्हा नाही. आईने टीव्हीवर बघितला तेव्हा.’ ताईने ‘गली बॉय’ बघितला, डोळे पुसले आणि भिशीच्या बायकांना ‘अपना टाइम आयेगा’ म्हणून दाखवलं. त्या दिवशी भाच्याच्या लेखी मुंबईचं रॅप वारलं. गाण्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. ऐकणाऱ्यांत फक्त आईची भर पडली होती. मग तो दिल्लीच्या सीधे मौतकडे गेला. आता त्यांच्या मैफलींनाही गर्दी होते म्हणून त्याची थोडी चलबिचल चालली आहे. हा आजार मला नवा नाही. आमच्या परिचयातले एक रसिक एका गायिकेची कीर्ती डोंबिवलीच्या पलीकडे गेली त्या दिवसापासून ‘पूर्वीचा तो आवाज नाही’ म्हणतात. आवाज तोच आहे. तिकीट मिळेनासं झालं आहे.

स्टॅनवाल्याने मात्र आपला बाण इतका वेळ भात्यात ठेवला होता. तासवड्याच्या टोलची रांग मागे पडून तास झाला, तेव्हा त्याने तो काढला.

‘तुझा पुलित्झरवाला. २०२४ ला ड्रेकशी भांडताना त्याने कसलं गाणं काढलं?’

‘नॉट लाइक अस.’

‘पार्टीचं गाणं आहे ना?’

‘वरवर. आत बरंच काही आहे. त्याला पाच ग्रॅमी मिळाली.’

‘तू नाचलास का त्याच्यावर?’

भाच्याने पाण्याची बाटली उघडली, बंद केली. ‘नाचलो.’

‘वाचायचं सोडून?’

‘ते मुद्दाम आहे, अरे. तो बाजाराचीच भाषा बाजारावर उलटवतोय.’

‘आणि तूही मुद्दाम नाचलास?’

इथे मुक्याने हेडफोन काढले. सकाळपासून पहिल्यांदा. आम्ही सगळे दचकलो, कारण फर्निचर बोलेल अशी कुणाची अपेक्षा नसते.

‘तुम्ही दोघं तीन तास हाय-लो, हाय-लो करताय,’ तो म्हणाला. ‘मी बीट करतो. मला हे रोज करावं लागतं. हाय वाढवला की डोकं दुखतं. लो वाढवला की मान हलते. शब्द मध्ये असतात. दोन्ही जास्त झाले तर ते ऐकूच येत नाहीत.’ थोडं थांबून त्याने आठशेआठची गोष्ट सांगितली. रोलंडचं टीआर-८०८ नावाचं ढोलाचं यंत्र, १९८० ते ८३ एवढीच वर्षं निघालं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून खपलं नाही, कंपनीने बंद केलं. जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागलं तेव्हा ते गरीब पोरांच्या हाती गेलं. आज त्याच्या त्या खोट्या धडधडीशिवाय रॅप होत नाही. ‘मी हेडफोनवर सकाळपासून एकच ठोका लावतोय,’ तो म्हणाला, ‘अजून लागला नाही,’ आणि त्याने करवंट्या परत कानांवर चढवल्या. त्याच्या मांडीवर पुन्हा बोट आपटू लागलं. आरशात बघितलं तर त्याची मान अगदी शांत. हलवाई गोड खात नाही म्हणतात, ते असं.

किणीचा टोल गेला आणि उजवीकडे लांबवर डोंगर दिसायला लागले, तशी मलाही बोलायची उबळ आली. भाचा नुकताच ‘मंबल रॅप’वर घसरला होता. अमेरिकेतली ही नवी तऱ्हा. शब्द तोंडातल्या तोंडात, ओठ एकमेकांना लागतात न लागतात, काय म्हणतोय कळत नाही. ‘निदान तोंड तर उघडा-मिटा,’ तो म्हणत होता.

‘ओठ न मिटणं हे फार अवघड काम असतं,’ मी म्हणालो. ‘तिकडे पन्हाळा आहे ना, तिथे १७२९ मध्ये मोरोपंत जन्मले. त्यांनी एकशे आठ रामायणं लिहिली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर घ्यायचं नाही, ही अट. प, फ, ब, भ, म, सगळी हद्दपार.’

‘मग राम कसा म्हणायचा?’ स्टॅनवाल्याने विचारलं.

तोच तर मुद्दा. अख्खं रामायण आणि त्यात ‘राम’ म्हणायची सोय नाही. भाच्याने ‘च्च’ केलं. नॅसला मिळालेल्या ‘च्च’पेक्षा हा लांब होता. मला बाबा सेहगलचा डाग धुतल्यासारखं वाटलं. मग किणीपासून शिरोलीपर्यंत तिघांनी, हो, मुक्यानेसुद्धा, ओठ न मिटता बोलायची पैज लावली. पहिल्या मिनिटात कळलं की ‘रॅप’ म्हणता येत नाही. बीट, बार, फ्लो, काहीच नाही. ‘भावा’ नाही. नेहमीच्या शिव्यांपैकी एकही नाही, त्यामुळे स्टॅनवाल्याचं बोलणं एकदम संस्कृतप्रचुर झालं. आणि भाच्याला ‘मामा’ म्हणता येईना. ‘काका’ चालत होता. त्यामुळे कोल्हापुरात शिरेपर्यंत माझा सख्खा भाचा मला काका म्हणत राहिला.

खरं तर या दोघांना कलगी-तुऱ्याचंही सांगायचं होतं. शिव मोठा की शक्ती मोठी, यावर दोन फड रात्रभर एकमेकांना कवनातून कोडी घालायचे, पुराणांतले असे आडकोपरे काढून, की शास्त्र्यांची भंबेरी उडावी. ज्ञान पंडिताचं आणि जागा तमाशाची. त्यात सोलापूरचा राम जोशी तर वेदशास्त्र शिकलेला, लावणीच्या नादाने घराबाहेर काढला गेलेला. त्याला वरचा म्हणावं की खालचा? पण तावडे हॉटेलचा चौक आला, ताईचे तीन फोन आले, आणि चौथ्याला तिने विचारलं, ‘उखाणा कुठाय?’

भाच्याने आपला वाचून दाखवला. आठ ओळी होत्या. अंतर्यमकं अकरा, त्याने मोजून सांगितली. पन्हाळ्याचा पाऊस होता, पंचगंगेचा पूर होता, माहेर सोडणाऱ्या बाईचं विस्थापन होतं. नवऱ्याचं नाव नव्हतं.

‘ते सूचित केलंय,’ भाचा म्हणाला.

स्टॅनवाल्याचा दोन ओळींचा होता, वड्याच्या बिलामागे लिहिलेला:

तांबड्या रश्श्याशेजारी पांढऱ्याची वाटी,
अमुकरावांचं नाव घेते डॉल्बीवाल्यांसाठी.

‘हे काय आहे?’ भाचा म्हणाला. ‘वाटी आणि साठी? हे यमक आहे?’

‘सॉरी काका,’ स्टॅनवाला मला म्हणाला, ‘पण डॉल्बीवाला आपलं नाव ऐकून आवाज वाढवणार की नाही, सांगा.’

त्या रात्री हळदीला डॉल्बी लागला आणि मी ‘जरा बघून येतो’ म्हणून खाली उतरलो. ‘झिंगाट’ चालू होतं. भाचा सगळ्यांत पुढे होता आणि तो जे करत होता त्याला वाचन म्हणता येणार नाही. मी खांबाला टेकून, हाताची घडी घालून, जाणकारासारखा उभा राहिलो. किती वेळ ते सांगत नाही. सकाळी उठलो तर मान धरलेली. पाच तासांचा आरसा, वर पाऊण तास डॉल्बी. डोकं समोर आणि डावीकडे, याखेरीज कुठेच वळेना. बायकोने मिठाचा शेक दिला, ताईने बाम चोळला, आणि मामाचा मान म्हणून मला त्याच अवस्थेत नवरीला बोहल्यावर न्यावं लागलं. अंतरपाटाच्या एका बाजूला मी सैनिकासारखा ताठ. लोकांना वाटलं, मामाला गहिवर आवरेना.

घास भरवायच्या वेळी भाचीने उखाणा घेतला. आठ ओळींचा कागद तिच्या हातात होता, तिने तो एकदा बघितला, घडी केली आणि तांबड्या-पांढऱ्याचा म्हटला. पंगतीत हशा उसळला, डॉल्बीवाल्याच्या पोराने शिट्टी मारली, मुक्याने ताटावर चमच्याने बरोब्बर समेवर ठोका दिला. सगळ्या पंगतीच्या माना हलल्या. भाच्याचीही हलली, अगदी स्पष्ट.

माझी तेवढी हलली नाही.

भाच्याने ते बघितलं. उठून माझ्याजवळ आला, खुर्चीशेजारी वाकला आणि हळूच म्हणाला, ‘मामा, इथे दर्जा कळणारा तू एकटाच आहेस.’